महिपतमामाचं पथ्य

महिपतमामा येताना दिसला की माझ्या आजोळची माणसं हातातली मळलेली तंबाखू गुपचूप मुठीत दाबायची. त्याच्या धाकट्या भावानं, बुधूमामानं, तर बंडीला आतून एक चोरखिसाच शिवून घेतला होता. महिपतमामा कोणी सरपंच नव्हता की मास्तर नव्हता. धसईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्याची भातशेती. भात निघालं की त्याच वावरात वाल. काही वर्षं मुरबाडच्या एका कारखान्यात पहारेकरी होता, तीही नोकरी मागंच संपली. पण आजारपण ही माणसाची स्वतःची करणी असते, हे तो इतक्या ठामपणे सांगत आला होता, की लोक त्याला वचकून राहायचे.

त्याचं तसं होण्यालाही कारण होतं. माझे आजोबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शेवटी शेवटी त्यांना पेजसुद्धा गिळवत नव्हती. महिपतमामा कापडाचा बोळा पाण्यात भिजवून त्यांच्या ओठांवर पिळायचा. त्या दिवसांत तो स्वतः सकाळपासून तंबाखू चघळत असे. दहाव्याला नदीवर गेला तेव्हा त्यानं चुन्याची डबी आणि पुडी दोन्ही धारेत फेकून दिली. नंतरचे काही आठवडे घरातल्यांनी कसे काढले ते आई अजून सांगते. त्याच्या अंगाला कंप सुटायचा, तो मामीवर ओरडायचा, बैलांवर ओरडायचा, रिकाम्या मडक्याला लाथ घालायचा. पण सोडली ती सोडलीच.

तेव्हापासून त्याचं एकच बोलणं. "मी सोडली ना? मंग तुमाला काय धाड भरली?"

आणि त्याच्या बोलण्यानं गावातल्या काही जणांची तंबाखू खरोखर सुटली, हेही सांगायला हवं. हळदीच्या मांडवात दारू चालायची ती त्यानं बंद पाडली. पहाटे उठून धसईच्या रस्त्यानं झपाझप चालत जायचा, परत यायचा, कारल्याचा रस प्यायचा. साठी उलटली तरी भाताचं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा. अशा माणसाला आपण चुकतो असं वाटायचं काही कारणच नव्हतं.

रंभामामीला कसलं व्यसन नव्हतं. ती मुळातच कमी बोलणारी. सगळ्यांचं जेवण झालं की चुलीपाशी बसून भाकरीबरोबर सुकटीची चटणी खायची, तेवढीच तिची हौस. मी लग्न होऊन शहापूरजवळ सापगावला आले. शहापूरच्या एका कापडाच्या दुकानात मी काम करते. बाजारातून चांगली सुकट मिळाली की मामीसाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवायचे.

गावात एक आरोग्य उपकेंद्र आहे. दोन खोल्या, पुढं छोटी पडवी. तिथं निशिगंधा नावाच्या नर्सबाई होत्या. लसीकरणाच्या दिवशी बायका जमल्या होत्या तेव्हा त्यांनी सहज म्हणून मामीचं बीपी मोजलं. ते वाढलेलं निघालं. दोनचार दिवसांनी पुन्हा मोजलं, तरी तेच. निशिगंधाबाई स्वतः घरी आल्या आणि ओट्यावर बसून मामाला म्हणाल्या, "काका, काकींना डॉक्टरांकडं दाखवून गोळी चालू करायला हवी. रोज एक. मी मिळवून देते."

मामा म्हणाला, "गोळी एकदा लागली की मरेस्तोवर सुटत नाय बाई. आमी पथ्य करू."

"पथ्य कराच. पण गोळीही घ्या."

"ज्याचा जिभेवर ताबा नाय, त्याला गोळी. हिला मी सांभाळतो."

त्या दिवसापासून घरातून सुकट गेली, लोणचं गेलं, पापड गेले. कालवणात मीठ नावाला. मामीला तो पहाटे स्वतःबरोबर चालायला नेऊ लागला. तो पुढं, ती पदर सावरत मागं. महिन्याभरानं बीपी थोडं उतरलं. मामाला कोण आनंद झाला! भेटेल त्याला सांगत सुटला. निशिगंधाबाई मात्र म्हणाल्या होत्या, "उतरलंय, पण अजून जास्तच आहे. गोळीचं मनावर घ्या, आणि दर महिन्याला मोजून जा." मामानं त्यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं.

नंतर निशिगंधाबाईंची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. उपकेंद्राच्या कडीला कुलूप लागलं, आणि पडवीत कोणीतरी शेळ्या बांधू लागलं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी आजोळी गेले होते. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. यंदा गावासाठी काय मागायचं, ह्यावर बोलणं चाललं होतं. हिराबाई नावाची एक बाई उठून उभी राहिली. तिचा मुलगा धसईच्या रस्त्यावर प्रवासी इको गाडी चालवतो, आणि तिची सून तेव्हा गरोदर होती.

"आमाला नर्स पायजे," ती म्हणाली. "पोरीला तपासायचं तर अर्धा दिवस जातो. गाडी मिळाली तर मिळाली. बाकी काय मागू नका, आधी त्या दाराचं कुलूप काढा."

बायकांमध्ये होकाराची कुजबुज झाली. तेवढ्यात महिपतमामा उठला.

"नर्स येऊन काय करनार?" त्यानं विचारलं. "तोंडात तंबाखू कोंबायची, रात्री ढोसायची, आनि दिवसा नर्सला सांगायचं, मला बरं कर. आपली तब्येत आपल्या हातात हाय. सरकारच्या नाय. मागायचं तर पोरांना व्यायामाला काय तरी मागा."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या खिशात पुड्या होत्या त्यांनीही वाजवल्या. हिराबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग खाली बसली. मी मामीकडं पाहिलं. तिनं डोक्याला फडकं घट्ट बांधलं होतं. "डोकं दुखतंय का?" मी विचारलं. "मानेपाशी ठणकतंय. उन्हात बसलो ना," ती म्हणाली.

त्या वर्षी गावाला व्यायामाची साधनं मिळाली. हिरवी-पिवळी लोखंडी चक्रं, पायानं झुलायच्या पट्ट्या, बसून ओढायच्या दांड्या. गावात मोकळी सपाट जागा एकच होती, ती उपकेंद्राच्या पुढची. तिथंच ती बसवली. पोरं त्यावर झोपाळ्यासारखी झुलायची. हिराबाईची सून पावसाळ्यात बाळंत झाली ती मुलाच्या इकोतच, धसईला पोचायच्या आधी. देवाची कृपा, दोघंही वाचली.

मामीचं डोकं त्या सबंध वर्षात दुखत राहिलं. सांगितलं की मामा म्हणायचा, पाणी पी, चालायला चल. पुढं पुढं तिनं सांगणंच सोडलं. हे मला नंतर कळलं.

वालाच्या शेंगा तोडायचे दिवस होते. मामी आणि बुधूमामा शेतात होते. सकाळचं ऊन वर आलं होतं. बुधूमामा सांगतो, वहिनीच्या हातातून शेंगा गळायला लागल्या. ती वाकून उचलायची, पुन्हा गळायच्या. मग ती खाली पडलेल्या शेंगांकडं नुसती बघत राहिली. त्यानं हाक मारली तर तोंडातून शब्द फुटेना. त्यानं तिला धरून बांधावर बसवलं आणि दादाला ओरडून बोलावलं.

त्या दिवशी मामीला चतुर्थीचा उपवास होता. मामाला वाटलं, रिकाम्या पोटी चक्कर आली. त्यानं तिला घरी आणून निजवलं, लिंबाचं पाणी केलं, तळपाय चोळले. पाणी पाजलं तर ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओघळलं. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की अर्धा चेहरा खाली उतरलाय. हिराबाईनं हाकेसरशी मुलाला इको काढायला लावली. गाडी उपकेंद्रावरूनच गेली. व्यायामाच्या चक्रांवर पोरं झुलत होती.

जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताच ओळखलं. "लकवा आहे. मेंदूचा फोटो काढावा लागेल, ते मशीन इथं नाही. थांबू नका, शहरात न्या," म्हणाले, आणि स्वतः उभं राहून ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. शहर तिथून लांब. वाटेत रेल्वेची फाटकं, वाटेत ट्रकांच्या रांगा.

मला प्रज्वलचा, म्हणजे मामाच्या मुलाचा फोन आला. तो भिवंडीला गोदामात कामाला आहे. मी दुकानातून तशीच निघाले. शहरातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा दुपार कलंडली होती. मामा लांबलचक बोळात भिंतीला टेकून उभा होता. पायांना शेतातली माती तशीच होती. मामीला आत नेलं होतं.

थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. दिवसभर उभे असावेत, आवाज बसला होता.

"रक्ताची गुठळी अडकलीय," ते म्हणाले. "पहिल्या काही तासांत आला असतात तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता ती वेळ गेली. बीपी खूप वाढलेलं आहे. कधीपासून आहे?"

"दोन वर्सं झाली असतील," मामा म्हणाला.

"गोळी कोणती चालू आहे?"

"गोळी नाय. पथ्य हाय. मीठ कमी, तेल कमी. रोज चालवतो तिला."

"शेवटचं कधी मोजलंत?"

मामा बोटांवर महिने मोजू लागला. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "तुम्ही लोक ना, अंगावर येईपर्यंत येतच नाही. आम्ही किती जणांना सांगायचं? आपल्या तब्येतीची जबाबदारी आपण घ्यायला नको?"

मामाचे कान लालबुंद झालेले मी पाहिले. आयुष्यात त्याला बेपर्वा कोणी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "आमच्याकडं मोजनारं कोन नाय साहेब. कुलूप हाय."

"धसईला डॉक्टर नाहीत? मुरबाडला नाहीत?"

"हायेत," मामा म्हणाला.

डॉक्टर पुढच्या माणसाकडं वळले. ते काही वाईट नव्हते. पुढचे सगळे दिवस त्यांनी मामीची नीट देखभाल केली. पण मामा संध्याकाळपर्यंत त्या बोळातल्या बाकड्यावर बसून राहिला, चहाला हात लावला नाही. मला म्हणाला, "मनस्वी, तो काय खोटं बोलला गो?"

मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "कुलूप होतं हेही खरंच ना, मामा."

"कुलूप व्हतं. पन मुरबाडला पाय जात व्हते की माझे. बाजाराला गेलो, बियाण्याला गेलो. हिला घेऊन गेलो नाय." मग तो म्हणाला, "आनि ती नर्स असती तर तिनं मला सोडलं नसतं. दारात येऊन बसली असती."

मामी वाचली. उजवा हात आणि पाय गेल्यात जमा होते, बोलणं तोंडातल्या तोंडात फिरायचं. घरी आणल्यावर मामानं तिचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, केस विंचरणं. तिची वेणी तो इतकी घट्ट घालायचा की ती डोळे मिटून घ्यायची. हॉस्पिटलात शिकवलं होतं तसा तिचा हात धरून वर-खाली करायचा, बोटं एकेक करून उघडायचा. गोळी चुकू द्यायचा नाही. पहाटेचं चालणं बंद झालं. गावात लोक बोलायचे ते त्याच्या कानावर यायचंच. एवढं करून काय झालं, तंबाखूवाले बरे की. कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण त्याला बघून आता कोणी मूठही मिटत नव्हतं.

होळीच्या सुमारास मी चार दिवस राहायला गेले होते. तोवर मामीला एकेक शब्द जमू लागला होता. पाणी, पुरे, प्रज्वल. एका सकाळी मामा तिला चमच्यानं पेज भरवत होता. तिनं डाव्या हातानं चमचा अडवला. ओठ जुळवायला तिला वेळ लागला.

"त्या बाईनं..." ती म्हणाली. मग थांबली. मामा वाट बघत राहिला. "त्या बाईनं... सांगितलं व्हतं."

वाटी खाली ठेवून मामा उठला आणि बाहेर गेला. उरलेली पेज मी भरवली. मामी रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. बोलायचं होतं ते बोलून झाल्यासारखी ती शांत जेवली. मी बाहेर गेले तर मामा पेंढ्याच्या उडवीपाशी उकिडवा बसला होता.

"मी तिला जपत व्हतो गो," तो म्हणाला. "दुसरं काय करत व्हतो?"

एक मेच्या ग्रामसभेत तो उठला. ह्या वेळी मी नव्हते, पण बुधूमामानं सगळं सांगितलं. मामा नर्सचं बोलला. जागा भरून द्या, नाहीतर तालुक्याला जाऊन बसू, असं म्हणाला. बोलताना अडखळत होता. त्याचं संपायच्या आत हिराबाई उठली.

"तुमच्या घरात आलं तवा नर्स पायजे झाली का, महिपतभाऊ? माझी सून रस्त्यात अडली, तवा तब्येत आपल्या हातात व्हती ना?"

मामा म्हणाला, "बोललो तसं खरं. हिराबाई, तंबाखू वाईटच हाय, ते मी आजबी सांगीन. पन..." मागून कोणीतरी हसलं. तो तसाच उभा राहिला, हात कुठं ठेवावे हे न कळल्यासारखा. मग हिराबाईच म्हणाली, "नर्स आनायची तर आना. ह्यांच्या तोंडाकडं बघू नका." आणि तिनं सगळ्यांत आधी हात वर केला.

त्यानंतर मामा, हिराबाई आणि आणखी काही जण तालुक्याला चकरा मारत राहिले. कधी साहेब बैठकीला, कधी पुढच्या आठवड्यात या. शेवटी अंजू नावाची एक मुलगी कंत्राटावर आली. आठवड्यातून दोन दिवस इथं, बाकीचे दिवस दुसऱ्या गावांत. ती आली त्या दिवशी मामानं शेळ्या सोडल्या, पडवी झाडली, आणि सगळ्यात पुढं बुधूमामाला नेऊन बसवलं.

बुधूमामाचं बीपी एवढं वाढलेलं निघालं की अंजूनं दुसऱ्या हाताला लावून पुन्हा बघितलं. डॉक्टरांना दाखवून त्याला गोळी चालू झाली. मामा खूश. आता सगळं रीतीनं होईल असं त्याला वाटलं.

लावणीच्या दिवसांत एकदा तो बुधूमामाच्या घरात दोरी शोधायला गेला. तांदळाच्या कणगीमागं गोळ्यांच्या पट्ट्या पडलेल्या दिसल्या, जवळपास न फोडलेल्या. त्या हातात घेऊन तो तसाच शेतात गेला. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या भावावर ओरडला, "ह्या मुलीसाठी मी उंबरे झिजवले! फुकट देते, दारात आनून देते, तरी तोंड उघडून गिळवत नाय तुला? मरशील तवा सरकारला शिव्या देशील!"

बुधूमामा नेहमी गप्प बसणारा. त्या दिवशी तो म्हणाला, "गोळी घेतली की चिखलात गरगरतं मला. दोनदा पडलो. कोनाला सांगू? ती यायची तवा मी शेतात." मग आवाज चढला. "आनि वैनीला तू गोळी घेऊ दिली नाय दादा. आता माझ्या घशात कोंबतोस?"

लावणीला आलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. मामा पट्ट्या घेऊन परत फिरला. घरी येऊन त्यानं त्या मामीच्या गोळ्यांशेजारी फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या खेपेला अंजू आली तेव्हा मामानं गरगरण्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "होतं असं काका. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेऊ. आपल्या मनानं बंद करू नका, एवढं सांगा त्यांना." पण त्यानंतर पावसानं ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि अंजूला दुसरीकडं लावलं. उपकेंद्राला परत कुलूप. बुधूमामा गोळीशिवायच लावणी करत राहिला. त्याचा चेहरा दुपारी तांबडा व्हायचा, आणि मामा बांधावर उभा राहून त्याच्याकडं बघत बसायचा. बायकोचं पाहिलं होतं, आता भावाचं बघायचं, ही त्याची भीती. मला फोनवर म्हणाला, "ओरडलो तर ऐकत नाय. गप राहिलो तर पडेल. काय करू सांग."

मी म्हटलं, "घेऊन जा त्याला. एकट्याला जा म्हणू नको."

लावणी आटपल्यावर तो खरंच त्याला घेऊन निघाला. ओढा चालत ओलांडून, धसईहून एसटीनं मुरबाडला. दवाखान्यात रांग मोठी होती. सकाळपासून उभे राहिलेल्यांमध्ये अर्धे लोक ह्यांच्यासारखेच, लांबच्या पाड्यांतून आलेले. बुधूमामा कंटाळला, आवारातल्या झाडाखाली जाऊन बसला आणि चोरखिशातून पुडी काढून निवांत मळू लागला. दवाखान्याच्या आवारात! मामानं ते रांगेतून पाहिलं.

"जिभेवर आलं व्हतं," त्यानं नंतर मला सांगितलं. "सगळ्यांच्या देखत हिसकावून फेकली असती. मंग मनात आलं, आता बोललो तर हा उठून एसटीत बसंल, आनि पुन्यांदा कदी यायचा नाय. म्हनून गिळलं." मग त्यानंच विचारलं, "पन गिळलं ते बरोबर केलं का गो? माझ्या बापाला येळेवर कोनी धरून हलवलं असतं तर? मीच हलवलं असतं तर? मी तर त्याच्या शेजारी बसून खात व्हतो."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टरांनी बुधूमामाची गोळी बदलली. दिवाळीच्या आधी पुन्हा दाखवायला या म्हणाले. मधल्या काळात गोळ्या आणायला दोघं भाऊ आणखी एकदा जाऊन आले. तिसऱ्या चकरेच्या दिवशी मी आजोळी होते. मोरी अजून दुरुस्त झाली नव्हती. अंजू मधून मधून यायला लागली होती, पण तिचं कंत्राट वाढणार की संपणार हे तिलाच माहीत नव्हतं. घरी मामी, मी आणि सोबतीला आलेली हिराबाई. मामी काठी धरून दारापर्यंत येऊ लागली होती. हिराबाई तिचं जेवण मऊ करून कालवत होती.

"तुजा मामा लोकांवर ओरडायचा थांबला," हिराबाई मला म्हणाली. "पन आतून धुसफुसतोच. स्वभाव हाय तो. जात नाय."

उन्हं उतरल्यावर मामा एकटाच वाटेनं येताना दिसला. मामी काठी टेकत उंबऱ्यापाशी आली.

"बुधू?" तिनं विचारलं.

"धसईलाच थांबला."

"का?"

"का म्हंजे?" मामा चपला काढत म्हणाला. "तंबाखू संपली त्याची."

हिराबाई मोठ्यानं हसली. मामीच्या चेहऱ्याची जी बाजू हलते ती बाजू हसली. मामाला हसू आलं नाही. त्यानं सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पुडी काढली. "ह्या माझ्याकडंच ठेवल्यात. त्याच्याकडं दिल्या तर कनगीमागं जातील."

मामीनं डावा हात पुढं केला. "माझ्याकडं दे."

"तू काय करशील?"

"दे."

त्यानं दिली. ती पुडी मांडीवर ठेवून ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. दिवेलागणीच्या सुमारास बुधूमामा गाल फुगवून आला, आणि वहिनीला ओट्यावर बघून बाजूला जाऊन थुंकून आला. मामीनं पट्टी दातात धरली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं एक गोळी बाहेर काढली. तिला वेळ लागला. आमच्यापैकी कोणी मदत केली नाही, कारण तिनं कोणाकडं पाहिलंच नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. बुधूमामानं उभ्या उभ्या गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला.

"उद्या," मामी म्हणाली.

"येतो वैनी."

महिपतमामा आत चुलीपाशी बसून हे सगळं बघत होता. बुधूमामा गेल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "उद्या येईल ना गो तो?"

"येईल," मी म्हटलं. मला खात्री नव्हती, आणि त्यालाही माझं ऐकून खात्री वाटली नसावी. तो उठला, सदरा पुन्हा अंगात घातला, आणि शुक्रवारी अंजू येणार आहे की नाही ते विचारायला गावात गेला. परत आला तेव्हा म्हणाला, कोणालाच माहीत नाही.